'हरकती व सूचना' पाठवताना या चुका टाळा

डिजिटल धोरणाचा मसुदा आला की आपल्याकडे आधी निवेदन टाइप होतं. मग पाच-दहा जण खासदारांना गाठतात, फोटो निघतो, ग्रुपवर पडतो. निवेदन पीएच्या फायलीत जातं. हरकती पाठवायची मुदत तिकडे मंत्रालयाच्या पोर्टलवर संपत असते!

दुसरी चूक जास्त महागात पडते: विचारलंय एक, लिहिलंय भलतंच. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, संकेतस्थळानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्याबद्दल चार प्रश्न विचारले होते. फेसबुकच्या मोहिमेतून लाखो मेल गेले, सगळ्यांचा सूर 'फ्री बेसिक्स हवं' (ठरावीक संकेतस्थळं फुकट देणारी फेसबुकची योजना). चारही प्रश्नांना बगल. ट्रायने फेसबुकला कळवलं, लोकांना प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगा. ८ फेब्रुवारी २०१६ ला तसे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी आली. त्याआधीच्या फेरीत नेट न्यूट्रॅलिटीवाल्यांचे (इंटरनेटवर सगळ्या संकेतस्थळांना सारखी वागणूक हवी म्हणणाऱ्यांचे) मेलही साच्यातलेच होते, पण त्यात प्रश्नवार उत्तरं होती.

म्हणून कलम क्रमांक लिहा आणि त्याखाली आपल्या गावातली अडचण. जानेवारी २०२५ च्या डेटा संरक्षण नियमांच्या मसुद्यात नियम १० होता: मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती. आता बीडचा ऊसतोड मजूर घ्या. आई-बाप चार-पाच महिने फडात, पोरगी गावी आजीकडे. ओटीपी कुणाच्या फोनवर येणार? 'नियम जाचक आहे' या वाक्यापेक्षा हा एक प्रश्न अधिकाऱ्याला जास्त अडवतो.

दारही बरोबर हवं. डेटा संरक्षण, दूरसंचार हे केंद्राचं काम, तिथे खासदार. इंटरनेट बंदीचा आदेश राज्याचा गृह विभागही काढतो, त्याचा जाब आमदारांकडे मागा. केबलसाठी खोदलेला रस्ता मात्र नगरसेवकाच्याच गळ्यात.

मजकुरात आधार क्रमांक, घरचा पत्ता घालू नका. एप्रिल २०१५ मध्ये ट्रायने लोकांकडून आलेले दहा लाखांहून अधिक मेल, पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट, संकेतस्थळावर टाकले होते.

पोर्टलवर पाठवल्याची पोच जपून ठेवा, तिची प्रत जोडूनच खासदारांकडे जा आणि 'लक्ष घाला' म्हणण्याऐवजी लोकसभेत विचारता येईल असा एक प्रश्न लिहून द्या. त्याला किमान १५ दिवसांची नोटीस लागते, तेव्हा अधिवेशन सुरू झाल्यावर नको, आधीच गाठा.