मदरबोर्ड बदलण्यापूर्वी: विंडोजच्या परवान्याबाबत या चुका टाळा

दुरुस्तीहून परत आलेल्या संगणकाच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात खाली, 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' अशी पुसट अक्षरे दिसली की पहिला संशय दुकानदारावर जातो. पुष्कळदा तो निर्दोष असतो. 2001 च्या विंडोज एक्सपीपासून मायक्रोसॉफ्टने परवान्याची सांगड यंत्राच्या भागांशी घातली असून त्यात सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीला, म्हणजे मदरबोर्डाला, सर्वाधिक महत्त्व असते. तो बदलला की विंडोजच्या लेखी संगणकच नवा ठरतो.

म्हणून यंत्र दुकानात देण्यापूर्वी सेटिंग्जमधील अ‍ॅक्टिव्हेशनचे पान उघडावे आणि परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला आहे की नाही ते पाहावे. तो जोडलेला असेल, तर बोर्ड बदलल्यावर त्याच पानावरील ट्रबलशूटमध्ये 'या यंत्राचे हार्डवेअर नुकतेच बदलले' हा पर्याय निवडून काम होऊ शकते. स्वतंत्र विकत घेतलेला रिटेल परवाना असा दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. लॅपटॉपसोबत मिळालेला ओईएम परवाना मात्र सहसा त्या लॅपटॉपपुरताच असतो, आणि ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात.

याहून महागात पडणारी चूक बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, आहे. अनेक नव्या लॅपटॉपांत डिस्कचे हे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत सुरू झालेले असते, आणि त्याची किल्ली बोर्डावरील टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेली असते. बोर्ड बदलताच निळा पडदा 48 अंकी रिकव्हरी की मागतो, आणि ती नसेल तर स्वतःच्याच फायली मालकाला उघडता येत नाहीत. ही की खात्यातून आधीच उतरवून कागदावर लिहावी. त्याच लॅपटॉपमध्ये ठेवणे म्हणजे घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेणे होय.

या कटकटीला कंटाळून क्रॅक, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारा बेकायदा प्रोग्राम, वापरण्याचा मोह होतो. असे अनेक क्रॅक ज्याचा आधार घेतात ती केएमएस ही खरे तर मोठ्या संस्थांसाठीची विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करण्याची पद्धत असून तिथला संगणक 180 दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरशी पुन्हा संपर्क साधतो. क्रॅक त्या सर्व्हरचे सोंग घेतो. त्यासाठी 'आधी अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना येते, तिथेच थांबावे, कारण त्या क्षणी यंत्राचा ताबा अनोळखी माणसाकडे जातो. शिवाय बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती वापरणे भारतीय कॉपीराइट कायद्याच्या 63ब कलमाखाली गुन्हा आहे.

मात्र नक्कल रोखण्यासाठी कुलूप लावणारेही नेहमी सज्जन नसतात. 2005 मध्ये सोनी बीएमजीच्या काही गाण्यांच्या सीडींनी विंडोजमध्ये स्वतःला लपवणारा प्रोग्राम, म्हणजे रूटकिट, गुपचूप बसवला. तो हाताने उपटून काढू पाहणाऱ्यांचा सीडी ड्राइव्हच दिसेनासा होई. जुन्या संगणकीय खेळांच्या सीडींवरील सेफडिस्क या कुलपाचा ड्रायव्हरही असाच खोलवर शिरणारा होता, आणि विंडोज 10 मध्ये तो मुळातच दिलेला नाही. 'खेळ चालत नाही' म्हणून तो ड्रायव्हर कुठून तरी आणून बसवणे ही माझ्या मते या यादीतली सर्वांत अनावश्यक चूक आहे. त्याच खेळाची कुलूप नसलेली आवृत्ती अधिकृतपणे विकली जाते का ते आधी शोधावे. ती नसेल, तर खेळासाठी जुना संगणक वेगळा ठेवून त्याची इंटरनेटची केबल काढून टाकावी.