युरोपातलं कोकेन खरंच वाढलं का? आकडे तपासायची रीत

‘युरोपात कोकेनची विक्रमी जप्ती’ ही बातमी गेली काही वर्षं जूनच्या सुमारास हमखास येते. ती निघते लिस्बनच्या युरोपियन युनियन ड्रग्ज एजन्सीच्या वार्षिक अहवालातून. अहवाल उघडलात की आधी वर्ष बघा. २०२५ च्या अहवालातली जप्ती २०२३ ची आहे, सांडपाण्यात सापडलेल्या अमली पदार्थांचे आकडे मात्र २०२४ चे. दोन्ही एका तक्त्यात घातले की पुढचं गणित बिघडतं. देशही मोजून घ्या. युनियनचे सदस्य २७, पण काही तक्त्यांत नॉर्वे आणि तुर्कस्तानही असतात.

आता जप्ती. २०२१ मध्ये ३०३ टन, २०२२ मध्ये ३२३, २०२३ मध्ये ४१९. आवकही तेवढीच वाढली असं यावरून म्हणता येत नाही. माल किती आला आणि कस्टम्सने किती कंटेनर उघडले, दोन्हींवर जप्ती ठरते. शिवाय ४१९ पैकी सुमारे ७२ टक्के माल बेल्जियम, स्पेन आणि नेदरलँड्स या तीनच देशांत सापडला. हा आकडा खंडाचा कमी आणि बंदरांचा जास्त आहे.

बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात २०२३ मध्ये सुमारे ११६ टन सापडलं, २०२४ मध्ये ४४. आवक आटली असं लिहिण्याआधी किरकोळ भाव आणि शुद्धता बघा. भाव चढला आणि शुद्धता उतरली असेल, तर टंचाई खरी. दोन्ही जागच्या जागी असतील तर मालाने वाट बदलली असं समजा: छोटी बंदरं, भर समुद्रात होड्यांवर उतरवणं, कोळशात किंवा प्लास्टिकमध्ये मुरवून आणणं.

नुसत्या भावावर जाऊ नका, शुद्ध ग्रॅमचा भाव काढा. समजा ग्रॅमला ६० युरो आणि शुद्धता ६० टक्के, तर शुद्ध ग्रॅम १०० युरोला पडला. शुद्धता ७५ टक्के झाली की तोच ८० युरोला. पुडीचा भाव हललाच नाही, तरी कोकेन २० टक्क्यांनी स्वस्त झालं.

सगळ्यांत बोलका पुरावा गटारात असतो. वर्षातून एक आठवडा शुद्धीकरण केंद्रावर रोज २४ तासांचा मिश्र नमुना घेतात आणि त्यात बेंझॉयलएकगोनिन मोजतात. कोकेन शरीरातून गेल्यावर लघवीत उतरणारा हा पदार्थ. हिशेब सोपा आहे: लिटरमागे ५०० नॅनोग्रॅम आणि दिवसाला १० कोटी लिटर पाणी, म्हणजे ५० ग्रॅम. वस्ती ५ लाख असेल तर हजार माणसांमागे रोज १०० मिलिग्रॅम. फसगत बहुधा वस्तीच्या आकड्यात होते. त्या आठवड्यात शहरात उत्सव असेल तर पाहुणे सांडपाण्यात मोजले जातात, जनगणनेत नाही. शनिवार-रविवारी कोकेन आणि एमडीएमए (एक्स्टसी गोळ्यांतलं द्रव्य) चढतं, ते नेहमीचंच.

अचानक उंच सुळका दिसला तर ‘वापरलं की ओतलं?’ हे विचारा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात २०११ साली एमडीएमए आदल्या वर्षाच्या कित्येक पट निघालं. रेणूच्या उजव्या-डाव्या रूपांचं प्रमाण शरीरातून गेल्यावर बदलतं; ते तपासल्यावर कळलं, की तो माल कुणाच्या शरीरातून गेलेलाच नव्हता. दोनच दिवसांपूर्वी जवळच्या बेकायदा कारखान्यावर पोलिसांची धाड पडली होती, माल तिथूनच गटारात ओतला गेला असणार.

सर्वेक्षणांत ‘आयुष्यात कधीतरी’ हा रकाना कल शोधायला निरुपयोगी आहे, तो सहसा खाली येतच नाही. १५ ते ३४ वयोगटाचा ‘गेल्या वर्षभरात’ हा रकाना घ्या. हेरॉइनसाठी मात्र सर्वेक्षणावर विसंबू नका. बेघर आणि तुरुंगातली माणसं त्यात जवळजवळ येतच नाहीत.

मृत्यूंचे आकडे सगळ्यांत शेवटी घ्या. २०२३ साठी सदस्य देशांचा अंदाज सुमारे ७,५०० आहे, पण कोणत्या पदार्थाने किती, हे विषचाचणीवर ठरतं. एस्टोनिया आणि लाटव्हियात नायटाझीन या जहाल ओपिऑइड्सनी (अफू-हेरॉइनसारखं काम करणारी द्रव्यं) बरेच बळी घेतले, आणि ती नेहमीच्या चाचणीत निसटू शकतात. एखाद्या देशाच्या रकान्यात शून्य दिसलं तर तिथल्या प्रयोगशाळा नायटाझीन शोधतात का, ते आधी बघा.