ऑफिस सुरू झालं आणि दूध आटलं: माझा अनुभव
बाळ सहा महिन्यांचं असताना कामावर रुजू झाले. दहा दिवसांत दूध काढायच्या पंपातून एका वेळी जेमतेम 40 मिली निघू लागलं. अळिवाचे लाडू, शतावरी सगळं झालं. वाढलं ते माझंच वजन. ऑफिसच्या बाथरूममध्ये रडूनही झालं.

शेवटी पट्टीने स्तनाग्राची रुंदी मोजली: 16 मिमी. पंपासोबतचं फनेल, म्हणजे स्तनावर बसणारा भाग, 24 मिमीचं! 19चं मागवून लावलं, पंप करताना होणारं दुखणं त्याच दिवशी थांबलं. मग ऑफिसात दर तीन तासांनी पंप, आधी दोन मिनिटं हलका मसाज. रात्री नऊला तासभर: 20 मिनिटं पंप, 10 विश्रांती, 10 पंप, 10 विश्रांती, 10 पंप. पहाटेचं अंगावर पाजणं मोडलं नाही, कारण जितकं रिकामं होतं तितकंच नवं तयार होतं. पाच दिवस काहीच फरक नाही. आठव्या दिवशी 90 मिली.