पाण्याचा दिवस आणि पाळीचा तक्ता : कारखान्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

गंगापूर तालुक्यातील एका गावातून, आयटीआयचा फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी वाळूज औद्योगिक वसाहतीत आलो, तेव्हा हातात कसब होते. पण नाराजी कोणापुढे आणि कशी मांडायची हे मला कोणी शिकवले नव्हते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या विभागात, पहिली काही वर्षे मी एकच गोष्ट पाहत होतो. कँटीनमध्ये, बसमध्ये, खोलीवर आम्ही तासन्‌तास तक्रारी बोलायचो आणि सुपरवायझर समोर आले की गप्प व्हायचो. त्या गप्प राहण्याचा अर्थ व्यवस्थापन ‘सगळे ठीक आहे’ असा लावत असे.

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्यात कोणी विसरणार नाही. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले ते त्याच वर्षी. रांजणगाव शेणपुंजीत आम्ही चौघे एका खोलीत राहत होतो आणि नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने यायचे. ज्या दिवशी ते येई, त्या दिवशी कोणीतरी खोलीवर थांबून ड्रम भरले नाहीत तर पुढचा आठवडा टँकरवर काढावा लागे. इकडे कारखान्यात पाळीचा तक्ता साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळी लागायचा, त्यामुळे पाण्याच्या दिवशी आपण पहिल्या पाळीत असू की दुसऱ्या, हे ठरवून ठेवणे शक्यच नव्हते. खाडे वाढले. एक खाडा झाला तरी त्या महिन्याचा हजेरी भत्ता जायचा. गैरहजर माणसाच्या जागी त्या मशिनची सवय नसलेला माणूस उभा केला जाई, त्यातून रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारे भाग, वाढे आणि त्याचा दोष पुन्हा आमच्याच पाळीवर येई. कंपनीने बेशिस्तीच्या नोटिसा लावल्या आणि आमच्याकडे जेवणावर बहिष्कार टाकण्याची भाषा सुरू झाली.

तेव्हा आमच्यातील एक ज्येष्ठ ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी विचारले, “बाबांनो, पाण्याची गोष्ट साहेबांना कोणी सांगितली का?” कोणीच सांगितली नव्हती. मामांनी मला एक वही दिली आणि महिनाभर प्रत्येक खाड्याची तारीख, पाळी आणि कारण लिहायला लावले. महिन्याअखेर निम्म्याहून अधिक खाडे पाण्याच्या दिवशीच पडलेले दिसले.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात दोन्ही बाजूंची कार्यसमिती नेमण्याचा आदेश सरकार देऊ शकत असे, आणि २०१० च्या दुरुस्तीने वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती आवश्यक केली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही वीस कामगारांची तीच अट कायम ठेवली आहे. आमच्या कारखान्यात ही तक्रार निवारण समिती होती, पण तिची बैठक कोणी मागितल्याचे मला आठवत नाही. आम्ही लेखी अर्ज दिला आणि सोबत त्या वहीतील नोंदी जोडल्या.

बैठकीत मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न केला की हे आधी का सांगितले नाही. मला तेव्हा त्याचा संताप आला होता. आज मला तो प्रश्न रास्त वाटतो, आणि ‘तुम्ही विचारले का नाही’ हा मामांचा उलट प्रश्नही तितकाच रास्त वाटतो. नोटीस काढण्याआधी पाळीतल्या दोन माणसांना बाजूला घेऊन कारण विचारले असते, तर सुपरवायझरांना ते दहा मिनिटांत कळले असते.

पुढे ठरले ते असे. तक्ता आठवडाभर आधी लागेल. दोन कामगार आदल्या दिवसापर्यंत लेखी कळवून पाळी बदलून घेऊ शकतील. मात्र बदलून घेतलेल्या पाळीला जो न कळवता गैरहजर राहील, त्याची बाजू आम्ही समितीत मांडणार नाही. ही शेवटची अट आम्ही स्वतःहून घातली आणि ती पाळताना एका मित्राशी माझे संबंध दोन महिने तुटले होते. तरीही ती अट नसती, तर पाळीबदलाची सवलत कंपनीने वर्षभरही टिकू दिली नसती, असे माझे मत आहे.

आता नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी. नेमणूकपत्र आणि दर महिन्याची पगारचिठ्ठी जपून ठेवा. भविष्यनिर्वाह निधीची कपात खात्यात जमा झाली का, हे स्वतः तपासा. जादा कामाचे तास त्याच दिवशी वहीत लिहा, कारण कारखाना कायदा, १९४८ ने त्याचा दर दुप्पट ठरवला होता आणि महिन्यानंतर आठवणीवर मांडलेला हिशेब कोणी मान्य करत नाही. तक्रार करताना ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढेच लिहू नका. कोणत्या तारखेला, कोणत्या मशिनवर, काय झाले आणि आपल्याला नेमके काय हवे, हे लिहा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पहिली तक्रार एकट्याने नेण्याचे धाडस होत नसेल, तर पाळीतील मामांसारखा माणूस शोधा; असा एखादा माणूस बहुतेक ठिकाणी असतो आणि त्याच्या शब्दाला दोन्हीकडे वजन असते.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून राहिली. ठेकेदारामार्फत कामाला लागलेली मुले आमच्याच प्रेसवर, आमच्याच पाळीत काम करत होती आणि त्याच वस्तीत पाण्यासाठी थांबत होती. पण वहीत त्यांचे खाडे आम्ही लिहिलेच नव्हते. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, अशी तरतूद कंत्राटी कामगार कायदा, १९७० मध्ये होती, हेही मला त्यानंतर समजले. त्यांना आठवड्याचा तक्ता मिळायला आणखी दीड वर्ष लागले, आणि तोपर्यंत त्यांच्यापैकी बरेच जण काम सोडून गावी परतले होते.