सामाजिक उद्योग चालवताना या चुका टाळा: इंदूरमधील एका शिवणगटाच्या वहीतून

गरजूंना रोजगार किंवा सेवा मिळावी म्हणून चालवलेल्या सामाजिक उद्योगात माल वापरणारा, त्याचे पैसे देणारा आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो, असे तीन निरनिराळे पक्ष असतात. किराणा दुकानात पहिले दोन बहुधा एकच असतात आणि तिसरा म्हणजे दुकानदार स्वतः; म्हणून तेथे झालेली चूक त्याच संध्याकाळी गल्ल्यात दिसते. सामाजिक उद्योगातली चूक मात्र देणगी, सवलत आणि कौतुक यांच्याखाली वर्षभरही झाकलेली राहू शकते. इंदूरच्या एका वस्तीत कापडी पिशव्या शिवणाऱ्या बारा महिलांच्या गटाबरोबर मी चार वर्षे काम केले. पुढे लिहिलेल्या चुकांपैकी बहुतेक आम्ही स्वतः केलेल्या आहेत.

ओळखीतल्या विक्रीला मागणी समजणे

१ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली, तेव्हा कापडी पिशवीचे दिवस आले अशी आमची खात्री झाली. पहिल्या काही महिन्यांनी ती खात्री पक्कीही केली. लोकमान्य नगर, सुदामा नगर आणि रामबागेतल्या मराठी घरांनी पिशव्या घेतल्या, गणेशोत्सवात टेबल मांडले तेव्हा दोन दिवसांत माल संपला, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून एकेका घरातून चाळीस-चाळीस नग गेले. पुढच्या संक्रांतीला त्याच घरांत गेलो, तेव्हा कळले की गेल्या वर्षी लुटलेले वाण या वर्षी कोणी लुटत नाही. ही गोष्ट मला जन्मापासून ठाऊक होती, तरी विक्रीचा अंदाज बांधताना ती सुचली नाही.

खरा नित्याचा ग्राहक किराणावाला किंवा भाजीवाला होता, आणि त्याच्यापुढे पर्याय होते. केंद्राच्या नियमात प्लॅस्टिकच्या पिशवीवर सरसकट बंदी नव्हतीच. ३१ डिसेंबर २०२२ पासून तिची जाडी किमान १२० मायक्रॉन असावी एवढाच नियम होता, आणि ६० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम) किंवा त्याहून जाड नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेल्या कृत्रिम कापडाची, पिशवीही चालत होती. आमची स्पर्धा बंदी घातलेल्या वस्तूशी नव्हे, तर या दोन पिशव्यांशी होती. बाजाराची परीक्षा घ्यायची असेल, तर आपले नाव आणि काम ठाऊक नसलेल्या माणसाने पूर्ण किंमत देऊन दुसऱ्यांदा घेतलेले नग तेवढे मोजावेत. पहिली खरेदी भिडेपोटी झालेली असू शकते.

मजुरी न धरता किंमत ठरवणे

सर्वांत महाग पडणारी आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारी चूक हीच. आमचा सुरुवातीचा हिशेब असा होता: महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटातून आणलेल्या मांजरपाटाचे पिशवीमागे ९ रुपये, दोरा आणि बंद यांचा दीड रुपया, विक्री १५ रुपयांना, म्हणजे साडेचार रुपये नफा. या साडेचार रुपयांना आम्ही नफा म्हणत होतो, पण ती शिवणाऱ्या बाईची मजुरी होती. कटाई धरून तासाला पाच पिशव्या होतात असे मानले, तर तिच्या हाती तासाला साडेबावीस रुपये पडत होते, आणि विजय नगरकडे धुण्याभांड्याच्या कामाला जाणाऱ्या तिच्या शेजारणीला त्याहून पुष्कळ अधिक मिळत होते.

शिवाय वहीत न आलेल्या गोष्टी होत्याच. खोली एका परिचितांनी बिनभाड्याने दिली होती, कापड माझ्या स्कूटरवरून येत होते, कटाईत वाया जाणारी कातरण कोणी मोजत नव्हते आणि मशिनीची दुरुस्ती माझ्या पर्समधून होत होती. परिचितांना खोली परत लागली त्या महिन्यात सारा हिशेब कोसळला. नंतर आम्ही फुकट मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला बाजारभाव लावून पुन्हा मांडणी केली: कापड ९, दोरा-बंद दीड, तासाला ५० रुपये धरून मजुरी १०, भाडे-वीज-दुरुस्ती २, म्हणजे साडेबावीस रुपये. पंधरा रुपयांच्या प्रत्येक पिशवीमागे आम्ही साडेसात रुपये कोणाच्या तरी पदरचे घालत होतो, आणि त्यातला मोठा वाटा ज्यांच्यासाठी काम काढले त्या महिलांचाच होता.

असा तोटा ठरवून सोसायचा असेल तर त्यालाही माझी हरकत नाही; मात्र तो वेगळ्या रकान्यात, कोण सोसतो आहे त्याच्या नावासह लिहावा. आणि दर ठरवताना महिलांचा होकार हा पुरावा मानू नये. आमच्या बैठकीत प्रत्येक वेळी ‘दीदी, जैसा आप कहो’ एवढेच उत्तर यायचे. मी त्याला सहमती समजत होते. प्रत्यक्षात खोलीच्या आणि मशिनींच्या किल्ल्या जिच्याकडे आहेत तिच्याशी वाद घालण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. एकेकीला तिच्या घरी भेटून विचारले, तेव्हाच पंधरा रुपयांचा दर परवडत नाही हे उघडपणे बोलले गेले. बैठकीची सकाळी अकराची वेळही चुकीची होती, कारण त्या वेळी निम्म्या जणी दुसऱ्यांच्या घरी कामावर असायच्या.

मोठी ऑर्डर उधारीवर घेणे

दिवाळीच्या तोंडावर एका कंपनीने भेटवस्तूंसाठी पाच हजार पिशव्या मागितल्या. आम्ही हुरळून गेलो, कापड उधारीवर उचलले, आणि माल दिल्यावर पैसे चार महिन्यांनी मिळाले. नगावर काम करणाऱ्या बाईला चार महिने थांबणे शक्य नसते. चौघी जणी धुण्याभांड्याकडे परत गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. कागदोपत्री ती आमची सर्वांत यशस्वी तिमाही होती.

अशा वेळी दोन गोष्टी कराव्यात. कापडाच्या किमतीएवढी आगाऊ रक्कम हाती आल्याशिवाय कटाई सुरू करू नये. मोठे गिऱ्हाईक यावर फारसे नाराज होत नाही, संकोच आपल्यालाच असतो. दुसरे म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची केंद्र सरकारची नोंदणी, आधीच करून ठेवावी. तिला शुल्क नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगविषयक कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. नोंदणी क्रमांक बिलावर छापलेला असला, तर खरेदीदाराचा हिशेबनीस स्वतःहून बिल पुढे सरकवतो, कारण मुदतीत पैसे न दिल्यास आयकरात त्या खर्चाची वजावट लांबते.

दुसऱ्या गावची पद्धत उचलून आणणे

कचरावेचक महिलांबरोबर काम करू इच्छिणारी मंडळी पुण्याच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचे उदाहरण नेहमी देतात, आणि ते योग्यच आहे. २००८ पासून तेथे कचरावेचक सभासद महापालिकेशी झालेल्या कराराखाली दारोदार कचरा गोळा करतात आणि त्याचे शुल्क घरांकडून घेतात. म्हणजे पैसे कोण देणार, हे तेथे पहिल्यापासून ठरलेले आहे. इंदूरमध्ये मात्र महापालिकेचीच गाडी दारापाशी येते, वर्गीकरणही घरातच होते. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहर पहिले येत राहिले ते याच व्यवस्थेच्या बळावर. येथे त्याच कामासाठी घराकडून वेगळे शुल्क मागणारी संस्था उभी राहू शकत नाही, मग तिचा हेतू कितीही चांगला असो.

नोंदणीची घाई

याबाबत थोडक्यात लिहिते. मध्य प्रदेशात १९७३ च्या सोसायटी अधिनियमाखाली सात जणांची सोसायटी नोंदवता येते, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढता येते. पण या दोन्हींत उरलेली शिल्लक सभासदांना वाटता येत नाही. कष्ट करणाऱ्यांना नफ्यात वाटा द्यायचा असेल, तर सहकारी संस्थेचा विचार करावा. गिरगावात १९५९ मध्ये सात जणींनी ८० रुपये कर्ज घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाची नोंदणी सहकारी संस्था म्हणून नाही, पण तेथेही काम करणाऱ्या सभासद भगिनी सहमालक मानल्या जातात, नुसत्या लाभार्थी नाहीत. आम्ही आधी सोसायटी नोंदवली आणि वाटणीचा प्रश्न नंतर विचारात घेतला.

बंद करण्यास उशीर लावणे

आकडे विरोधात गेल्यावरही आम्ही आणखी दीड वर्ष गट चालवला, कारण देणगीदारांना पाठवायच्या अहवालात प्रशिक्षित महिलांची संख्या वाढतच होती. शिकून सहा महिने झाल्यावर कोणाची मिळकत किती आहे, हा रकाना अहवालात नव्हता. तो घातला असता तर उत्तर पहिल्याच वर्षी मिळाले असते. बंद करताना उधारी आणि थकलेली मजुरी सर्वांत आधी फेडावी. सोसायटीची मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, म्हणून मशिनींची व्यवस्था नियम पाहूनच लावावी.

गटातल्या तिघींनी पुढे स्वतःच्या मशिनी घेतल्या आणि त्या आता घरीच फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवतात. त्यांच्यातल्या एकीकडे मी यंदा दोन ब्लाऊज टाकले. दर विचारल्यावर तिने भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवले, आणि त्यात एक रुपयाही कमी केला नाही.