विषमतेचा आकडा कसा वाचायचा आणि सत्ता कुणाकडे आहे हे कसं ओळखायचं
विषमतेवर वाद सुरू झाला की आधी एकच विचारा, आकडा उत्पन्नाचा आहे की संपत्तीचा? कारण पगार सारखाच असलेल्या दोघांपैकी एकाकडे वडिलांचं घर असतं आणि दुसरा दर महिन्याला भाडं भरतो, मग १० वर्षांनी फरक बघा. इटलीचा संख्याशास्त्रज्ञ कोर्राडो जिनी याने १९१२ मध्ये मांडलेल्या विषमतेच्या मापात (जिनी गुणांक) ० म्हणजे सगळ्यांना सारखं, १ म्हणजे सगळं एकाकडेच. आकडा कर कापायच्या आधीचा की नंतरचा हे बघितल्याशिवाय तुलना करू नका, फसाल.

आता सत्ता. मतदानात कोण जिंकलं एवढ्यावर थांबू नका, मीटिंगचा अजेंडा हातात घ्या आणि कुठला विषय त्यात आलाच नाही ते शोधा. भाडेकरूंची तक्रार सहा महिने 'पुढच्या वेळी बघू' म्हणून ढकलली जात असेल तर मतदान न होताच निर्णय झालेला असतो! बॅक्रॅक आणि बॅरॅट्झ या अमेरिकन अभ्यासकांनी १९६२ मध्ये हेच मांडलं, आणि मला तरी हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आणि जो गप्प बसलाय त्याला पटलंय असं धरू नका, बोललं तर नोकरी किंवा घर जाईल अशी भीती असते, त्याला बाहेर एकट्याला गाठून शांतपणे विचारा.