ओबान ते कॅना: शिडाच्या बोटीवर चढण्याआधीची तयारी

जून लागला की कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नेमका तेव्हाच शिडाच्या बोटींचा हंगाम भरात येतो. ओबानहून निघायचं, मल बेटाच्या सामुद्रधुनीतून टोबरमोरी बंदर गाठायचं, आर्डनामर्कनचं टोक ओलांडून एग, रम आणि कॅना या बेटांकडे जायचं, असा सफरीचा बेत असेल तर तयारी महिनाभर आधीच सुरू करा.

सगळ्यात आधी थंडीचा विचार करा. ऐन उन्हाळ्यातही इथलं पाणी साधारण 11 ते 14 अंश सेल्सिअस असतं. अशा पाण्यात माणूस पडला की पहिला मिनिटभर श्वासच ताब्यात राहत नाही, आणि चांगले पोहणारेही त्याच मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊन बुडतात. म्हणून लाइफजॅकेट मिळाल्यावर नुसतं अंगात अडकवू नका. वरचं आवरण उघडा, जॅकेट फुगवणारं गॅसचं छोटं सिलिंडर हाताने फिरवून घट्ट बसलंय का पाहा, मांड्यांमधून जाणारा पट्टा लावा आणि कुणाला तरी खांद्याशी धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर पट्टे सैल आहेत. डेकवर स्वतःला अडकवायचा दोर एका हाताने लावता-काढता यायला हवा. किनाऱ्यावर असतानाच, डोळे मिटून त्याचा सराव करा.

कपड्यांत जीन्स आणि सुती टी-शर्ट घरीच ठेवा. भिजलेलं सूत अंगातली ऊब ओढून घेतं. अंगालगत लोकर, त्यावर फ्लीस, वरून वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट. लोकरीचे मोजे वाटतात त्यापेक्षा जास्त घ्या, एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. कानटोपी हवीच. सामान मऊ पिशवीत भरा, कारण कडक सूटकेस ठेवायला बोटीवर जागाच नसते.

बोट लागते का, हे आधी माहीत नसतं. लागणार असं धरूनच चाला. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि निघण्याच्या दोनेक तास आधी खा. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. आलेपाक जवळ असू द्या. आर्डनामर्कनपाशी खुल्या अटलांटिकच्या लाटा येतात, तिथे खाली केबिनमध्ये पडून राहू नका, वर येऊन क्षितिजाकडे बघत बसा. भारतातून थेट येणाऱ्यांनी मेतकूट, चटण्या जरूर आणाव्यात. दुधाचे पदार्थ मात्र ब्रिटनमध्ये आणू देत नाहीत.

भरती-ओहोटीचा अभ्यास करून या, इथलं वेळापत्रक तीच ठरवते. घरची दिनदर्शिकाही उपयोगी पडते: अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण, अष्टमीनंतर भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी. ओबानच्या दक्षिणेला, जुरा आणि स्कारबा या बेटांमधल्या कोरीव्रेकनच्या खिंडीत उधाणाला प्रवाह आठ नॉटच्या (ताशी सुमारे 15 किलोमीटर) आसपास जातो आणि भोवरे उठतात. बहुतेक शिडाच्या बोटींचा वेगही तेवढा नसतो. नेमक्या वेळा भरतीच्या तक्त्यातून काढायला शिका. ब्रिटिश हवामान खात्याचा किनाऱ्यालगतच्या पाण्याचा अंदाज रोज वाचायची सवय लावा, म्हणजे ‘फोर्स 6’ (वाऱ्याच्या जोराचा आकडा, इथे जोरदार वारा) ऐकल्यावर अर्थ विचारावा लागणार नाही. रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनेलवर ‘मेडे’, म्हणजे जिवावरच्या संकटातली मदतीची हाक, कसं द्यायचं, तेही प्रत्येकाला आलं पाहिजे. कप्तानच पाण्यात पडला तर हाक तुम्हालाच मारायची आहे.

फोन, चाकू, स्पीकर सुकाणूजवळच्या होकायंत्रापाशी ठेवू नका, सुई ढळते. कॅनावर तर ‘कंपास हिल’ नावाची टेकडीच आहे. तिच्या लोहयुक्त खडकामुळे जवळून जाणाऱ्या बोटींची होकायंत्रं चुकतात म्हणून हे नाव.

वारा पडलेल्या संध्याकाळी नांगर टाकला की मिजेस नावाची बारीक चिलटं झुंडीने येतात. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी आणा, साधी मच्छरदाणी त्यांना अडवत नाही. जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो, तेव्हा झोपेसाठी डोळ्यांवर पट्टी घ्या.

शेवटी घरच्यांचं. बेटांवर आणि मधल्या पाण्यात फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. बोटीचं नाव, मार्ग आणि मुख्य भूमीवरच्या संपर्काचा नंबर आई-बाबांना लिहून द्या. वाऱ्यामुळे एक-दोन दिवस उशीर होऊ शकतो हेही आधीच सांगा, आणि परतीचं तिकीट त्या हिशेबाने काढा.